लांजेवार बाईंचं ‘बरं’ आणि ‘कच्चं’

लांजेवार बाईंनी आम्हाला कधी छडी लावली नाही. वर्गात छडी होती, पण ती गणिताच्या सरांची. बाई तिचा उपयोग उंचावरची खिडकी ढकलून लावायला करायच्या. तरीही अख्ख्या शाळेत आम्हाला भेव होतं ते त्यांचंच. गणिताच्या सरांचा मार खाल्ला की हात चोळत बाहेर येता यायचं. बाईंच्या समोरून उठलेलं पोरगं दिवसभर चूप असायचं.

आमचं गाव लाखनीपासून सात-आठ मैल आत. चहूकडे धानाच्या बांधी, म्हणजे भाताची खाचरं, आणि मधोमध मोठा तलाव. शाळा दहावीपर्यंत होती. चार खोल्या पक्क्या, दोन कुडाच्या. मी नववीत गेले त्या वर्षी बाई मराठी शिकवायला आल्या. सत्तरचं दशक तेव्हा निम्मं सरलं होतं. बाई पवनीकडच्या, पस्तिशीच्या असतील. उंच, हाडकुळ्या. गालात सदा एक लवंग. देवळाजवळच्या एका खोलीत एकट्याच राहायच्या. लग्न झालं होतं की नाही हे त्यांना विचारायचं धाडस कोणालाच झालं नाही, म्हणून गावाने आपापली उत्तरं तयार करून ठेवली होती.

त्यांच्या भेवाचं कारण सांगायचं तर त्या वाट पाहायच्या. प्रश्न विचारायच्या आणि थांबायच्या. दुसरे मास्तर उत्तर आलं नाही की पुढच्याला उभं करत, नाहीतर स्वतःच सांगून मोकळे होत. बाईंना घाई नसायची. हातातल्या पेन्सिलीवर अंगठा दाबून धरायच्या आणि तुमच्याकडे बघत राहायच्या. बाहेर कावळा ओरडायचा, शेजारच्या वर्गात पाढे चालायचे. शेवटी तोंडातून काहीतरी खरं निघून जायचं. मग त्या म्हणायच्या, “हं. बस.”

पहिल्याच महिन्यात त्यांनी निबंध दिला, ‘आमचे गाव’. आम्ही सगळ्यांनी गाईडमधून उतरवला. दुसऱ्या दिवशी बाईंनी सात-आठ वह्या वाचल्या, मिटल्या आणि म्हणाल्या, “चला. नदी पाहून येऊ.”

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. बाई पायऱ्या उतरूनही गेल्या होत्या. भर दुपारचं ऊन. चाळीस पोरं-पोरी रांगेत त्यांच्या मागे, आणि गावातल्या बाया दारात येऊन बघताहेत. बाई थेट तलावाच्या पारीवर, त्याच्या मातीच्या बांधावर, चढल्या आणि थांबल्या.

“सखाराम, तू लिवलं, गावाशेजारून खळखळ नदी वाहते. कोठी आहे?”

सखाराम इकडेतिकडे बघायला लागला.

“दिसत नाही काय?”

“नदी नाही जी.”

“मंग काय आहे?”

“तलाव आहे जी.”

“तलावाचं पाणी काय करून राहिलं?”

त्या थांबल्या. उन्हात आम्ही चाळीस जणही थांबलो. सखारामाने पाण्याकडे बघितलं. घाम त्याच्या हनुवटीवरून गळत होता.

“काहीच नाही करून राहिलं जी. पडून आहे.”

“हं. तेच लिव.”

त्या दिवशी वर्गात परत आल्यावर त्यांनी आम्हाला निबंधाच्या शेवटी एक पान कोरं सोडायला लावलं. त्याच्या मधोमध एक उभी रेघ. डाव्या बाजूला लिहायचं ‘बरं’, उजव्या बाजूला ‘कच्चं’. आपण लिहिलेल्यात काय बरं जमलं आणि काय कच्चं राहिलं, ते आपणच शोधायचं. दोन्ही बाजूंना निदान एकेक ओळ पाहिजेच. “काहीच बरं नाही असं लिवाचं नाही, तो लाडिकपणा झाला. काहीच कच्चं नाही असंही लिवाचं नाही, तो गर्व झाला. निबंधात एखादवेळ खोटं लिवलं तर मी समजून घेईन. या पानावर खोटं चालणार नाही.”

हे त्या पुस्तकी भाषेत बोलल्या नाहीत. धडा वाचताना त्यांची भाषा शुद्ध असायची, आमच्याशी बोलताना आमची. “पुस्तकाची भाषा पुस्तकाले शोभते,” म्हणायच्या.

निबंधापेक्षा ते पान जड जायचं. मास्तरांनी चूक काढली तर मास्तर वाईट असं म्हणता येतं. इथे आपणच आपली चूक शोधून बाईंसमोर ठेवायची. मी घरी कंदिलाजवळ बसून तासभर त्या रेघेकडे बघत बसायचे. एकदा ‘कच्चं’मध्ये लिहिलं, “अक्षर चांगले नाही.” बाईंनी खाली पेन्सिलीने लिहिलं, “हे मला दिसते. मला जे दिसत नाही ते लिही.” लाल शाई त्या वापरायच्याच नाहीत.

माझ्या शेजारी बाकावर सुमित्रा बसायची, ढिवरटोलीतली, म्हणजे कोळ्यांच्या वस्तीतली. तिचा बाप दौलत डोंग्यातून, छोट्या होडीतून, तलावात मासे धरायचा. तिच्या ‘बरं’च्या बाजूला एकदा होतं, “बापाच्या डोंग्याचे लिहिले ते बरे, कारण ते मला पाठ नव्हते.” ते वाचून बाईंच्या तोंडावर पहिल्यांदा हसू आलेलं मी पाहिलं. लगेच गेलंही.

बाई कोणाला भीत नाहीत, अशी आमची खात्री होती. ती खात्री आणखी घट्ट करणारी गोष्ट त्या पंधरा ऑगस्टला घडली. मारोतराव गावातले मोठे माणूस, शाळेच्या कमिटीवर होते. त्यांनी आपलं भाषण लिहून चपराश्याच्या हाती बाईंकडे पाठवलं. ‘नजर टाकून द्या,’ एवढाच निरोप. बाईंनी नजर टाकली. कागदाच्या शेवटी पेन्सिलीने उभी रेघ ओढली आणि कागद परत पाठवला. डाव्या बाजूला होतं, “भाषण लहान आहे.” उजव्या बाजूला, “शाळेच्या ज्या नव्या भिंतीबद्दल आपण बोलणार आहात ती अजून बांधलेली नाही.”

झेंड्याखाली मारोतरावांनी ते भाषण केलं, भिंतीसकट. बाई आमच्या रांगेच्या टोकाला उभ्या होत्या, चेहरा कोरा. आम्हाला त्या वाघीण वाटल्या. पण चपराशी नंतर मुलांना सांगत होता, “कागद देल्ला नं, मंग तुमची बाई आफिसात बसून लटलट कापे. दोन गिलास पाणी पेली.” आम्ही त्याच्यावर विश्वास ठेवला नाही.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्या संपून शाळा सुरू झाली आणि तलावाचं प्रकरण झालं. आधी बरीच वर्षं तलावातल्या मासळीचा ठेका मारोतरावांकडे होता. त्या वर्षी तो ढिवरांच्या सोसायटीला मिळाला होता. ढिवरटोलीत आनंद होता. सुमित्राचा बाप तलावाची राखण करायचा.

एका पहाटे मला पोटात कळ आली. आई अजून झोपलेली होती. एकटीने जायचं नाही असं तिने बजावलेलं, तरी मी टमरेल घेऊन पारीच्या खाली गेले. धुकं होतं. परत येताना पाण्याच्या कडेला एक माणूस वाकलेला दिसला. त्याच्या हातात पत्र्याचा डबा होता, धानावर फवारायच्या औषधाचा. माझे वडील तसलाच आणायचे, म्हणून ओळखला. त्याने तो डबा बेशरमाच्या झुडपात फेकला आणि वळला. मारोतराव.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिलो. ते ओरडले नाहीत. अगदी मायेने बोलले.

“सीतारामची पोरगी नं तू?”

मी मान हलवली.

“घरी जाय. आन पाण्यात पाय टाकू नोको बरं.” दोन पावलं चालून पुन्हा म्हणाले, “सीताराम चांगला माणूस आहे. त्याच्या बांधीत माह्याच बांधीतून पाणी जाते.”

मी घरी येऊन गोधडीत शिरले. दात वाजत होते. आईने विचारलं तर म्हटलं थंडी वाजते.

सकाळी गावात आरडाओरड झाली. तलावभर मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. एक वासरू पाणी पिऊन पारीवर मेलं. सगळं गाव पळत गेलं, त्यांच्या मागून मीही गेले. दौलत डोंग्यात उभा राहून मेलेले मासे गोळा करत होता, कोणी खाऊ नये म्हणून पुरायला. रडत होता. तेच त्याच्या अंगाशी आलं. मारोतरावच पारीवरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “एका झटक्यात मासे काढाले यायनंच औषध टाकलं. पाहा, डोंगा भरून राहिला.” दुपारी लाखनीहून पोलीस आले आणि दौलतला घेऊन गेले.

सुमित्रा शाळेत येईनाशी झाली. बाकावर तिची जागा रिकामी. मी तिकडे पाठ करून बसायचे. रात्री झोप नाही, जेवण जात नाही. वडील बांधीकडे निघाले की मी त्यांच्या पाठीकडे बघत राहायचे. कोणाला सांगितलं तर काय होईल ते मला त्या माणसाने धमकी न देता सांगून ठेवलं होतं.

आठवडाभराने बाईंनी निबंध दिला, ‘गेल्या पंधरा दिवसांत मी पाहिलेली एक गोष्ट’. साऱ्या वर्गाने मेलेले मासेच लिहिले. मीही तेच लिहिले. “सकाळी गलका ऐकून मी सगळ्यांच्या मागून तलावावर गेले,” अशी माझी सुरुवात होती. मग कोरं पान उघडलं, रेघ ओढली. डाव्या बाजूला लिहिलं, “वासराचे वर्णन बरे आहे.” आणि उजव्या बाजूला काही सुचेना. म्हणजे सुचत होतं, तेच तेवढं सुचत होतं. त्या पानावर खोटं चालणार नाही, हे वाक्य डोक्यातून हलेना. शेवटी मी लिहिलं, “पहिले वाक्य कच्चे आहे. मी सगळ्यांच्या मागून गेले नव्हते. सगळ्यांच्या आधी गेले होते.”

वही देऊन टाकल्यावर लक्षात आलं मी काय केलं ते.

बाई वह्या वर्गातच तपासायच्या. आम्ही वाचन करत बसायचो आणि पेन्सिलीचा आवाज ऐकायचो. माझी निळ्या पुठ्ठ्याची वही वर आली तशी मी अक्षरं बघणं सोडून दिलं. पेन्सिल चालत होती. पान उलटलं. पेन्सिल थांबली. बाईंनी मान वर केली नाही. मग त्यांनी वही मिटली आणि इतरांच्या गठ्ठ्यात न ठेवता आपल्या पिशवीत टाकली.

शाळा सुटल्यावर जवळून जाताना म्हणाल्या, “इंदू, घरी ये माह्या.”

त्यांच्या खोलीत मी कधी गेले नव्हते. एक खाट, एक स्टोव्ह, भिंतीशी लावून ठेवलेली पुस्तकं. त्यांनी कडी लावली. पुन्हा काढली, गल्लीत डोकावून बघितलं, पुन्हा लावली. स्टोव्हवर चहा ठेवला. वही मांडीवर घेऊन बसल्या.

“कोणाकोणाले सांगितलं?”

“कोणालेच नाही जी.”

“मायलेही नाही?”

“नाही.”

“मंग इथं काहून लिवलं?”

“तुमीच म्हणल्या होत्या जी. या पानावर खोटं चालत नाही म्हणून.”

तेव्हा मला बाई घाबरलेल्या दिसल्या. खरोखरच्या. ओठ पांढरे पडले. चहा उतू गेला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. आपण घातलेला नियम पोरीने शब्दाला शब्द पाळला आणि आता हे ओझं आपल्या मांडीवर येऊन पडलं, असं काहीसं त्यांच्या मनात आलं असावं. हे मी आज म्हणते. तेव्हा मला फक्त इतकं कळलं, की बाई भ्यायल्या आहेत, म्हणजे आता आपलं काही खरं नाही.

मग त्या थांबल्या, नेहमीसारख्या. आणि मी सगळं सांगितलं. डबा, बेशरमाचं झुडूप, पाण्यात पाय टाकू नोको, बांधी. सगळं.

“हे मी ठाण्यात नेऊन दाखवू काय?”

मी त्यांचे पायच धरले. “नोको जी. त्यानं बाबाचं नाव घेतलं. नोको जी बाई.”

बाईंनी मला उठवलं. वहीतलं ते पान काळजीपूर्वक फाडलं. वहीचं पान फाडणाऱ्याला त्या वर्गाबाहेर काढायच्या. स्टोव्हच्या ज्योतीवर तो कागद धरला आणि राख बशीत चुरली.

“आता हे कोठीच नाही,” म्हणाल्या. “चाय पे. पाणी पेऊन घे आधी. मलेही भेव लागून राहिलं, इंदू. मले तं पालीचंही भेव लागते. तू घरी जाय आन जेव.”

दुसऱ्या दिवशी बाई शाळेत आल्या नाहीत. संध्याकाळी वडील पारावरून बातमी घेऊन आले. लांजेवार बाई सकाळच्या गाडीने लाखनीला गेली. ठाण्यात फौजदाराला म्हणाली, ‘त्या पहाटे मी तलावावर होती. मारोतरावाले औषधाचा डबा झुडपात टाकताना मी माह्या डोयानं पाह्यलं.’

माझ्या हातातला घास तसाच राहिला. आईने माझ्याकडे बघितलं. आईचं बघणं बाईंसारखंच होतं. त्या रात्री चुलीपाशी तिने माझ्याकडून सगळं काढून घेतलं आणि एवढंच म्हणाली, “चूप राह्य. तुह्या बाबालेही सांगू नोको.”

पोलिसांना झुडपात डबा सापडला. लाखनीच्या दुकानदाराने तो कोणी नेला ते सांगितलं. बाई ठाण्यात गेल्यापासून तिसऱ्या दिवशी दौलतला सोडलं. तो घरी आला तेव्हा त्याला नीट चालता येत नव्हतं. मारोतरावांना ठाण्यात बोलावलं, बसवलं, चहा पाजला आणि परत पाठवलं. पुढे बाईंच्या जबाबाचा कागद कुठे हललाच नाही.

आता सगळ्यांत अवघड. मारोतरावांना ठाऊक होतं की त्या पहाटे तिथे बाई नव्हत्या, मी होते. हे माझ्या लक्षात आल्यापासून पाणी भरायला जायचं असलं तरी मी आईचा पदर सोडत नव्हते. बाईंनी मला व्हरांड्यात गाठून हळूच समजावलं.

“तो काही म्हणू शकत नाही. बाई नव्हती असं म्हणाचं तं आपण सोता तिथं होतो हे त्याले कबूल कराव लागते. समजलं? आन तू तोंड उघडलं तं दुसरी साक्ष होशील, हे त्याले माहीत आहे. तुह्या वाटेले तो जाणार नाही.”

“तुमच्या वाटेले तो जाईन जी.”

“हाव,” बाई म्हणाल्या. “ते आहे.”

तेच झालं. गावात कुजबुज सुरू झाली. एकटी बाई पहाटे पारीवर कायले गेली होती? कोणाले भेटाले? दौलतसाठी एवढी काहून धावली? सुरुवात कोणी केली ते सगळ्यांना माहीत होतं, पण बोलत सगळेच होते. त्यांच्या कौलांवर दगड पडले. हेडमास्तरांनी खुलासा लिहून मागितला. बाईंना एक शब्द बोलून सुटता आलं असतं, माझं नाव. मी रोज वर्गात बसायचे आणि आज त्या ते बोलणार या धास्तीत असायचे. खोटं कशाला सांगू, मला त्यांची काळजी वाटत नव्हती. मला माझीच भीती होती.

एकदा मारोतराव शाळा बघायच्या निमित्ताने आले आणि नववीच्या दाराशी उभे राहिले. त्यांची नजर मुलींच्या बाकांवरून फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली. हसले. मी सुमित्राचा हात घट्ट धरला. ती आता परत यायला लागली होती, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. बाई फळ्यापासून निघाल्या आणि दारात त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. पाठमोऱ्या होत्या, तोंड दिसत नव्हतं. चौकटीवर ठेवलेला हात दिसत होता. त्यातल्या बांगड्यांचा आवाज मागच्या बाकापर्यंत येत होता.

“वर्ग चालू आहे,” त्या म्हणाल्या.

“चालू द्या नं, बाई. मी उभा आहे.”

बाई वाट पाहत उभ्या राहिल्या. शेवटी चपलांचा आवाज व्हरांड्यातून दूर गेला. बाई फळ्यापाशी आल्या, खडू उचलला, तो पडला, पुन्हा उचलला आणि अर्धवट राहिलेली ओळ पुरी केली.

आईने जे केलं ते मला दुसऱ्यांकडून कळलं. विहिरीवर बाया बोलत होत्या तेव्हा ती घागर खाली ठेवून म्हणाली, “बाई माह्यासंग आली होती त्या दिवशी. पोटात दुखे तिच्या. एकटी कशी जाईन, म्हणून मलेच उठवलं. आता बोला.” माझी आई कधी खोटं बोलणारी नव्हती, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. त्यानंतर विहिरीवरचं बोलणं थंडावलं. पुढच्या हंगामात मारोतरावांच्या बांधीतून आमच्याकडे येणारं पाणी आलं नाही. वडिलांनी दुसऱ्या बाजूने लांबून पाट काढला, दोन महिने खपून. काहून बंद केलं ते त्यांना कधीच कळलं नाही. आईही बोलली नाही.

परीक्षा झाल्यावर कमिटीने बाईंना ‘आता गरज नाही’ असं कळवलं. गाडीच्या वाटेपर्यंत त्यांची ट्रंक सुमित्राच्या बापाने डोक्यावर घेतली. त्याचा एक पाय अजून ओढत होता. मी पुस्तकांची पिशवी घेऊन मागून चालत होते. दौलत पुढे गेल्यावर मी म्हटलं, “बाई, तुम्ही खोटं बोलल्या.”

“हाव. उसनं बोलली. तुह्यं पाहणं माह्यं म्हणून सांगितलं. तुमाले गाईडातलं उतरवलं म्हणून एवढी बोले नं मी?” त्या थोडा वेळ चालल्या. “ते कोण्या बाजूले लिवाव, मले अजून समजलं नाही. तुले समजलं तं सांगजो.”

मला अजूनही सांगता आलेलं नाही.

त्यानंतर त्या एकदाच दिसल्या, सात-आठ वर्षांनी. मी डी.एड. करून नुकतीच एका प्राथमिक शाळेत लागले होते. बाजाराच्या दिवशी लाखनीला मोठ्या रस्त्यावर उभी होते. मुंबईकडून कलकत्त्याकडे जाणारे ट्रक तिथून रांगेने सुटतात. समोरच्या बाजूला एक म्हातारी दिसणारी बाई रस्ता ओलांडायला पाऊल टाकायची आणि मागे घ्यायची. पुन्हा टाकायची, पुन्हा मागे. किती तरी वेळ. पेन्सिलीवर दाबावा तसा तिने पिशवीच्या बंदावर अंगठा दाबून धरला होता. मी ओळखलं आणि धावत पलीकडे गेले.

“बाई, मी इंदू.”

मी हातातली बाजाराची पिशवी खाली ठेवली. त्यांनी मला नीट बघून घेतलं. “सुमित्राचं काय?”

“लग्न झालं जी. गोंदियाकडे राहते. दोन पोरं आहेत.”

“दौलत?”

“आहे. डोंगा चालवते अजून.”

“हं.” मग विचारलं, “तू लिवते काय काही?”

“नाही जी.”

“काहून?”

त्या वाट पाहत उभ्या राहिल्या. शेजारून ट्रक धडधडत जात होते, धूळ उडत होती. मी पुन्हा चौदा वर्षांची झाले.

“भेव लागते जी.”

“लागतेच,” बाई म्हणाल्या. “मले आसगावची गाडी त्या बाजूनं भेटते. हात धर. मले या ट्रकांचं फार भेव लागते.”

त्यांचा हात थंड होता आणि पकड अशी की माझी बोटं दुखली. अर्ध्या रस्त्यात एक ट्रक भोंगा वाजवत आला. बाईंनी डोळे मिटले, पण थांबल्या नाहीत. पलीकडे पोचल्यावरही त्यांनी हात सोडला नाही. गाडी आली तेव्हाच सोडला. खिडकीशी बसल्या. गाडी हलली तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. समोरच्या बाकावर हात घट्ट ठेवून त्या सरळ पुढे बघत होत्या. दुसऱ्या हाताने लुगड्याच्या पदराने कपाळ पुसत होत्या.

गाडी वळेपर्यंत मी उभी राहिले. माझी पिशवी पलीकडेच राहिली होती. एक ट्रक जाऊ दिला, दुसरा जाऊ दिला, आणि रस्ता ओलांडायला निघाले.